मूल जेवत नाही? आधी कारण शोधू या

‘आमचं मूल काही खातच नाही,’ ही तक्रार पेण-रोह्याच्या वस्त्यांत आणि वाड्यांवर नेहमी ऐकू येते. मग मूल हट्टी ठरते, नजर लागली म्हणून दृष्ट काढली जाते आणि दोष आईच्या माथी येतो. पण न जेवणे हे पुष्कळदा दुखण्याचे लक्षण असते.

कारणे : तोंड येणे, किडके दात, चिकटलेली जीभ, फाटलेली टाळू, बद्धकोष्ठता, रक्त कमी असणे. वेळेआधी जन्मलेल्या किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाळाला चोखणे, चावणे, गिळणे जड जाते. स्वमग्न मुलांना काही पदार्थांचा स्पर्श किंवा वास सहन होत नाही. जेवणाआधी चहा-बिस्किट दिले तरी भूक मरते.

धोक्याची खूण : खाताना ठसका लागणे, दूध नाकातून येणे, घशात घुरघुर, वारंवार छाती भरणे, वजन न वाढणे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सें.मी.पेक्षा कमी असला किंवा दोन्ही पावलांवर सूज आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घरी काय करावे? नाक दाबून किंवा आडवे निजवून कधीही भरवू नये. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला ताठ बसवावे, मोबाईल दूर ठेवावा, अर्ध्या तासात जेवण आटोपावे. काय आणि केव्हा द्यायचे ते आपण ठरवावे; किती खायचे ते मुलाला ठरवू द्यावे. नवा पदार्थ आठ-दहा वेळा थोडा थोडा पुढे ठेवावा. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधासोबत मऊ भात-वरण, नाचणीची खीर, अंडे सुरू करावे. नुसत्या पातळ पेजेवर बाळ वाढत नाही.

कुठे जावे? अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी करते. पेण व रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी बाळाचे कार्ड सोबत न्यावे आणि तिथल्या अंगणवाडीत नाव सांगावे. तपासणी चुकते ती बहुधा याच मुलांची.

शेजारी असे मूल दिसले, तर त्याच्या आईला बोल लावू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.