फ्रीजर गार होईना, तर काय करावे?

घोडबंदर गाव खाडीकाठी आहे. इथे पुष्कळांना जेवणात मासळी लागते. १ जून ते ३१ जुलै या दिवसांत यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते. म्हणून काही घरी मे महिन्यातच बांगडा, कोलंबी फ्रीजरमध्ये भरून ठेवतात. त्यातच फ्रीजर गार होईनासा झाला, तर मासळी जाते. पैसाही जातो.

घाबरू नका. आधी एक गोष्ट समजून घेऊ. फ्रीजर आतली उष्णता ओढतो आणि बाहेर टाकतो. म्हणून तो बाहेरून ऊन लागतो. उष्णता कुठे अडली, की कुठून आत शिरली, एवढेच शोधायचे. आम्ही क्रमाने सांगतो.

१. वीज पाहा. प्लग सैल आहे का? घरातले दिवे मंद आहेत का? मंद असतील तर फ्रीजर बंद करा. दिवे नीट लागले, की पाच मिनिटे थांबून चालू करा.

२. चकती पाहा. ती चुकून फिरली असेल. आत उणे १८ अंश थंडी हवी.

३. दाराचा रबर पाहा. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला, तर तिथून गरम हवा आत शिरते. रबर पुसा. फाटला असेल तर बदला.

४. बर्फाचा थर पाहा. जाड थर गोधडीसारखा असतो. तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मासळी बर्फाच्या पेटीत काढा, प्लग काढा, दार उघडे ठेवा. बर्फ आपोआप वितळेल. सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडेल. पुष्कळ नव्या फ्रीजरांतला वायू पेट घेणारा असतो.

५. जागा पाहा. फ्रीजर भिंतीला चिकटवू नका. मागे जाळी असेल, तर प्लग काढून तिची धूळ झाडा.

६. भरणा पाहा. एकदम खूप ताजी मासळी भरली, तर ती गोठायला वेळ लागतोच.

एवढे करूनही गार होत नाही? यंत्र नुसते टक् टक् करते? किंवा दिवसभर चालूनही बर्फ धरत नाही? मग मेकॅनिक बोलवा. खाऱ्या हवेने नळी गंजते आणि वायू निघून जातो. ते काम आपले नव्हे.

तोवर दार उघडू नका. भरलेला फ्रीजर बंद असला, तरी सुमारे ४८ तास माल टिकवतो. अर्धा भरलेला असेल तर २४ तास.

मग मासळी तपासा. आत बर्फाचे कण असतील, तर पुन्हा गोठवता येते. मऊ पण थंडगार असेल, तर आजच शिजवा. कोमट झाली असेल, तर फेकून द्या. कोमट राहिलेल्या बांगड्यात विष तयार होते. ते तळून, उकळून जात नाही. वासावरूनही ते नेहमी कळत नाही. मासळी पुन्हा मिळेल, पोराबाळांची प्रकृती मोलाची आहे.

सांगा पाहू :
१. दाराचा रबर कसा तपासाल?
२. बर्फ सुरीने का खरवडू नये?
३. कोमट झालेल्या बांगड्याचे काय कराल?