ऑनलाइन दुकानाचे मोफत सॉफ्टवेअर : कापड व्यापाऱ्यांनी काय पाहावे?

आपल्या व्यापारी बांधवांकडे आजकाल एक सौदा वरचेवर येतो. एखादा तरुण प्रोग्रॅमर पेढीवर येतो आणि सांगतो, "सेठ, महिन्याचे भाडे भरून दुसऱ्याच्या जागेवर माल कशाला मांडता? ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट आहे, तुमचे स्वतःचे दुकान बनवून देतो." बोलणे खोटे नाही. परंतु फुकट काय आणि पैसे कशाचे, हे समजल्याशिवाय बयाणा देऊ नये. जावास्क्रिप्ट भाषेतील अशा काही प्रकल्पांची तुलना आम्ही येथे कापडवाल्याच्या नजरेने करीत आहोत.

आधी एक फरक लक्षात घ्यावा. एक्सप्रेस, फास्टिफाय आणि नेस्ट ही नावे प्रोग्रॅमरच्या तोंडी असतात, पण त्यांच्यात दुकान नसते. ती फक्त एपीआयची चौकट आहेत. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा निरोप आपल्या हिशोबापर्यंत नेणे आणि जबाब परत आणणे, हे एपीआयचे काम. एक्सप्रेस २०१० पासून आहे आणि ते जाणणारे हात सर्वांत जास्त मिळतात. मात्र २०१४ च्या चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी आली ती थेट २०२४ मध्ये. फास्टिफायमध्ये आलेला निरोप ठरलेल्या नमुन्यात आहे की नाही हे दारातच तपासण्याची सोय आहे. नगांच्या जागी कोणी अक्षरे पाठविली तर मागणी तिथूनच परत जाते. एक्सप्रेसमध्ये ही तपासणी प्रोग्रॅमरला स्वतः जोडावी लागते. नेस्ट शिस्तीचे आहे, ते या दोहोंपैकी कोणावरही चालते. तरीही यांच्यावर शून्यापासून दुकान उभारणे म्हणजे सदरे विकण्यासाठी घरी माग लावण्यासारखे आहे. टोपली, परतावा, कर, शिल्लक माल, सगळे नव्याने लिहावे लागेल.

तयार दुकान हवे तर मेडुसा आणि व्हेंड्युअर हे दोन प्रकल्प पाहावेत. मेडुसा डेन्मार्कमधील मंडळींचा आहे. व्हेंड्युअर नेस्टवर उभा आहे आणि ग्राफक्यूएल पद्धतीने बोलतो, तर मेडुसा रेस्ट या जुन्या, सोप्या पद्धतीने. व्यापाऱ्याला याचे फारसे सुखदुःख नाही. खरी बाब रकमेची आणि मापाची आहे.

व्हेंड्युअर किंमत पैशांत ठेवतो, म्हणजे ४५० रुपये ४५००० असे लिहिले जातात. मेडुसाही पूर्वी तसेच करीत असे. २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपासून रक्कम जशीच्या तशी रुपयांत ठेवली जाते. जुन्या दुकानाचा माल नव्या आवृत्तीत नेताना हे सांभाळले नाही, तर प्रत्येक भाव शंभरपट होईल!

मापाचे तर विचारूच नका. ही सॉफ्टवेअर नग मोजणाऱ्यांनी बनविली आहेत. व्हेंड्युअरच्या मागणीत संख्या पूर्णांकातच जाते, सव्वादोन मीटर त्यात बसत नाही. पाव मीटरला एक नग मानणे हा एक तोडगा, पण मग गिऱ्हाइकाला "९ नग" दिसतात आणि तो गोंधळतो. मीटरचा वेगळा रकाना जोडून भावाचा नियम लिहून घेणे अधिक बरे. त्याची सोय तेथे आहे, पण मजुरी लागते.

जीएसटीचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांच्या नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. म्हणजे २७०० चा कुर्ता बिलावर १० टक्के सूट देऊन २४३० ला गेला, तर दर बदलतो. दोन्ही प्रकल्पांत कर सहसा मालाच्या प्रकारावर आणि प्रदेशावर ठरतो. सूट वजा करून दर ठरविण्याचा नियम वेगळा लिहून घ्यावा लागतो. राज्यात सीजीएसटी-एसजीएसटी आणि परराज्यात आयजीएसटी, हेही त्यातच आले.

परवान्याबद्दल थोडे. मेडुसाचा एमआयटी परवाना अगदी मोकळा आहे. व्हेंड्युअरने २०२४ मध्ये एमआयटी सोडून जीपीएल घेतला. आपल्याच दुकानासाठी चालविणाऱ्यास त्याने अडचण नाही. त्यात बदल करून दुसऱ्यांना विकणाऱ्यास मात्र कोडही उघडे द्यावे लागते.

शिवाय प्रत्येक प्रकल्प शेकडो लहान पॅकेजांवर उभा असतो. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले, आणि जगभर अनेकांची कामे अडली. म्हणून देखभालीची रक्कम, सर्व्हरचे भाडे आणि पेमेंट गेटवेचे कमिशन पहिल्या दिवसापासून खर्चात धरावे.

बयाणा देण्यापूर्वी प्रोग्रॅमरकडून समोर बसून चार बिले काढून घ्यावीत : सव्वादोन मीटर कापडाचे, सूट दिलेल्या २७०० च्या कुर्त्याचे, अहमदाबादच्या गिऱ्हाइकाचे आणि अर्धा माल परत आलेल्या मागणीचे. सर्व्हर, डोमेन आणि गिऱ्हाइकांची यादी कोणाच्या नावावर राहील, हेही त्याच बैठकीत कागदावर लिहून घ्यावे.