पैसे घ्यायला पिन लागत नाही



मागच्या महिन्यात मंडळाच्या बैठकीनंतर चहा पिता पिता मी माझ्या बॅटची गोष्ट सांगितली. आधी सगळे हसले. मग हळूच तिघांनी कबूल केलं की असंच काहीतरी त्यांच्या घरीही झालंय, फक्त कुणी बोललं नव्हतं. सर म्हणाले, "हे लिहून काढ." म्हणून हा लेख. गोष्ट माझ्या फजितीची असली तरी वाचा अभ्यास म्हणून.

खांदा दुखावल्यावर डॉक्टरांनी माझं क्रिकेट थांबवलं. इंग्लिश विलोची बॅट, पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट सगळं घरात पडून होतं. सेमिस्टरची फी भरायची होती. जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर फोटो टाकले आणि किंमत लावली ६,५०० रुपये. दहा मिनिटांत फोन आला. पलीकडचा हिंदीत बोलत होता. मराठा सेंटरला जवान आहे, पठाणकोटला बदली झालीय, धाकट्या भावाला किट द्यायचंय, असं म्हणाला. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवलं. बेळगावच्या पोराला एवढं पुरतं. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं सेंटर आपल्या गावात, गल्लीत दोन घरं सोडून एक निवृत्त फौजी असतोच. फौजी म्हटलं की आपण संशय घेत नाही. फसवणाऱ्याला आपल्या गावाबद्दल नेमकं हेच माहीत होतं.

आता मागे वळून बघितलं की एक गोष्ट टोचते. त्याने बॅटबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. वजन किती, टोला तडा आहे का, हँडल बदललंय का, काही नाही. ग्लोव्ह्ज डावखुऱ्याचे आहेत हे मी जाहिरातीत लिहायला विसरलो होतो, तेही त्याने विचारलं नाही. आणि घासाघीस? शून्य. खडेबाजारात पन्नास रुपयांच्या वस्तूला दहा मिनिटं भाव करणारे आपण, आणि हा माणूस न बघता ६,५०० द्यायला तयार! तिथंच मला थांबायला हवं होतं.

"आमचे पैसे आर्मीच्या खात्यातून येतात, आधी टेस्ट करावी लागते," म्हणत त्याने एक क्यूआर कोड पाठवला. मी स्कॅन केला, पिन टाकला, ५ रुपये गेले. लगेच १० रुपये आले. मला वाटलं, पद्धत खरी आहे. आता या क्षणाकडे नीट बघा, कारण सगळा डाव इथं आहे. ते दोन वेगवेगळे व्यवहार होते. पाच गेले माझ्या पिनने, दहा आले त्याच्या पिनने. मी मात्र दोन्ही मिळून एकच समजलो: पिन टाकला की पैसे येतात.

दुसरा क्यूआर ६,५०० चा होता. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर लिहिलं होतं, ‘रिसीव्ह मनी फ्रॉम आर्मी’. मी तेवढंच वाचलं. आपण वाङ्मय मंडळाचे लोक कविता वाचताना बोलणारा कोण ते आधी विचारतो ना? स्क्रीनवरही तेच विचारायचं. ती ओळ ॲपने लिहिलेली नव्हती. क्यूआर बनवणारा त्यात टीप म्हणून हवं ते भरू शकतो. ॲपचे स्वतःचे शब्द खाली बटणावर होते: ‘पे ६,५०० रुपये’. एकाच स्क्रीनवर दोघे बोलत होते, एक खोटं आणि एक खरं. मी खोट्याचं ऐकलं.

पैसे गेले. तो म्हणाला, "सर्व्हर की गलती, फिर से स्कॅन करो, तेरह हजार एकसाथ आएगा." खात्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून मी वाचलो. हुशारीने नव्हे.

शेजारच्या सुभेदार काकांना नंतर सांगितलं तर ते चिडलेच. "अरे, जवानाचा पगार बँकेतच येतो, तोपण तुझ्यासारखाच मोबाइलवरून पैसे पाठवतो. आर्मीचं वेगळं असं काही नसतंय!"

नियम भाजीवालीच्या गाडीवर बघायला मिळतो. तिचा क्यूआर आपण स्कॅन करतो, पिन आपण टाकतो, पैसे तिला जातात. ती कधी पिन टाकते का? विकणारे तुम्ही असाल तर गाडी तुमची. स्कॅन समोरच्याने करायचं. तुम्ही द्यायचा फक्त तुमचा यूपीआय आयडी किंवा क्यूआर. पूर्वी याच कामासाठी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ वापरत, ‘ॲक्सेप्ट’ दाबलं की पैसे कटायचे. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी करण्याची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआरची वाट मात्र उघडी आहे.

बाकीचे प्रकार थोडक्यात. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट बनवता येतो, त्यावर वस्तू देऊ नका. ‘१५,००० जमा’ असा मेसेज येतो, मग "चुकून जास्त गेले, परत पाठव" म्हणून फोन. तो मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आलेला असतो, बँक तशा नंबरवरून कळवत नाही. स्वतःच्या ॲपमध्ये शिल्लक बघायची, तीच खरी. आणि मदत करतो म्हणून कुणी स्क्रीन शेअर करायचं ॲप घ्यायला सांगितलं तर फोन ठेवून द्या.

माझी मोठी चूक मात्र पिनची नव्हती. मी गप्प बसलो. बाबांना काय सांगू, या लाजेत रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १९३० ला फोन लावला. खरं तर पहिल्या मिनिटाला लावायचा. तिथं रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय नंबर विचारतात आणि पैसे पुढच्या खात्यात असतील तर रोखायला बँकेला कळवतात. पुढे काढून घेतले की रोखणार काय? ऑनलाइन तक्रार नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर करता येते. आपल्या बँकेलाही लगेच कळवा. पिन आपणच टाकलेला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपल्यालाच सोसावं लागतं, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. माझी तक्रार नोंदली गेली, पैसे अजून आले नाहीत. बाबा रागावले, पण पैशासाठी नाही. "रात्रीच का नाही सांगितलंस?" एवढंच विचारलं.

किट शेवटी विकलं गेलं. खानापूरचा एक मुलगा लेले मैदानावर आला. बॅट उलटीसुलटी केली, चेंडू ठोकून आवाज ऐकला, टोजवळची बारीक चीर दाखवून हजार रुपये कमी करायला लावले. ग्लोव्ह्ज बघून म्हणाला, "हे लेफ्टीचे आहेत की, मला नकोत." मग ते सोडून ५,२०० ला ठरलं. त्याने माझा क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला. मी बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघेपर्यंत तो पॅड बांधून बघत होता. जाताना विचारलं, "एवढी चांगली बॅट का विकालास?"

ग्लोव्ह्ज अजून माझ्याकडेच आहेत. मंडळात कुणी डावखुरा असेल तर सांगा.