खडकांची सामाईक वही

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे तीस किलोमीटरवर वेरूळची लेणी आहेत. आठव्या शतकात तेथील कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरीत आणून अखंड पाषाणातून कैलास मंदिर घडविले. हा पाषाण आला तरी कोठून? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला. त्याचे थरावर थर साचले, निवाले आणि काळा बेसाल्ट खडक तयार झाला.

हा खडक वेरूळपाशी संपत नाही. मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक व तेलंगण या राज्यांतही तो पसरलेला आहे. माणसांनी आखलेल्या सीमा भूगर्भाला ठाऊक नसतात. खडकांचे नकाशे मात्र माणसेच काढतात. पूर्वी प्रत्येक देश ते आपापल्या रीतीने काढी. एकाने एखाद्या थराला हिरवा रंग द्यावा, तर शेजाऱ्याने त्यालाच तपकिरी द्यावा. दोन्ही नकाशे जवळ ठेवले, की एकच डोंगर सीमेवर तुटल्यासारखा दिसे.

ही अडचण दूर करण्यासाठी १८७८ साली पॅरिस येथे भूवैज्ञानिकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १८८१ साली इटलीतील बोलोन्या येथे साऱ्या युरोपचा एकच भूवैज्ञानिक नकाशा करण्याचे ठरले. ते काम पुरे होण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

पुढे संगणक आले. मार्च २००७ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे अनेक देशांचे भूवैज्ञानिक जमले आणि ‘वनजिऑलॉजी’ हा उपक्रम सुरू झाला. ज्यावर एक सेंटिमीटर म्हणजे भूमीवरील दहा किलोमीटर, असा जगाचा नकाशा संगणकावर सर्वांना खुला करावा, हा त्याचा हेतू होता. २००८ साली ऑस्लो येथे तो जगापुढे मांडण्यात आला. पुढे शंभराहून अधिक देश त्यात सहभागी झाले. प्रत्येक देशाने आपली माहिती आपल्याजवळच ठेवावी, परंतु ती ठरलेल्या सामाईक परिभाषेत द्यावी, अशी ही योजना होय.

वाट मात्र सोपी नव्हती. काही देशांचे नकाशे कागदावरच होते. काहींजवळ पुरेशी साधने नव्हती. अशांची माहिती मांडण्यास सधन देशांनी साहाय्य केले. एखाद्या देशाचे यंत्र बंद पडले, तर नकाशावर तेवढा भाग कोरा दिसे. रंग जुळले तरी सीमेवरील थरांची नावे व वये जुळत ना. त्यासाठी दोन्हीकडच्या तज्ज्ञांना पुन्हा खडकाकडेच जावे लागे. मार्च २०२० मध्ये नवी दिल्लीत भरावयाची आंतरराष्ट्रीय परिषदही कोविडच्या साथीमुळे ठरल्या वेळी भरू शकली नाही.

भारतात १८५१ साली स्थापन झालेली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था हे नकाशे करते. तिने आपली माहिती ‘भूकोश’ या नावाने संगणकावर खुली केली आहे.

या खटाटोपाचा मराठवाड्यातील शेतकऱ्याला काय उपयोग? बेसाल्टाच्या भेगांत व सच्छिद्र थरांत पाणी साठते. भरीव थरांत ते शिरत नाही. म्हणून एका विहिरीला पाणी लागते आणि जवळचीच दुसरी कोरडी राहते. जगाचा नकाशा विहिरीची जागा दाखवू शकत नाही. त्यासाठी गावच्या भूमीचीच बारीक नोंद हवी. परंतु प्रत्येक विहीर खणताना कोणता थर किती खोलीवर लागला, हे सर्वांना समजेल अशा रीतीने लिहून ठेवले, तर एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी येतो व त्याचे श्रम वाचतात. थेंबे थेंबे तळे साचते, तसे नोंदी जुळूनच ज्ञान वाढते.

स्वाध्याय
१. दोन देशांचे जुने नकाशे एकमेकांशी का जुळत नसत?
२. सामाईक नकाशाच्या कामात कोणत्या अडचणी आल्या?
३. आपल्या गावातील एखाद्या विहिरीत दिसणारे थर पाहून त्यांची नोंद मोठ्या माणसांच्या मदतीने करा.