धरणाचे पैसे, ड्युटीचे पैसे

२०२५ च्या गौरी जेवल्या, भांडी झाली, आणि मावशी मामाच्या ओटीवर पिशवी घेऊन येऊन बसली. ती बदलापूर पूर्वेला एका ऐंशी वर्षांच्या आजींकडे चोवीस तासांच्या ड्युटीवर असते. महिन्याला दोन सुट्ट्या, गौरीची एक जादा. मी उल्हासनगरला एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते, म्हणून घरातले सगळे कागद सणालाच माझ्यापुढे येतात. आजोबांची जमीन बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा गेली. वारसनोंदी आणि तारखा यांत मोबदला अडकला होता. तो एप्रिल २०२४ मध्ये वारसांच्या खात्यांवर आला. आईचं रिटर्न मी आधीच भरलं होतं. मावशीचं राहिलं होतं.

पिशवीतून पासबुक निघालं, बँकेचा व्याजाचा दाखला, भूसंपादनाच्या निवाड्याची झेरॉक्स, सातबारा, पॅन कार्ड आणि एक दोनशे पानी वही. वहीत रोजची पानं आखलेली : उपाशीपोटी साखर किती, इन्सुलिन किती युनिट, लघवी किती वेळा, रात्री कूस किती वाजता बदलली. पगाराच्या तारखा शेवटच्या पानावर.

मावशी : आधी एक सांग. आजींची मुलगी कॅलिफोर्नियात असते. ती तिकडं सासूचं घरीच करते, त्याचा तिला पगार मिळतो आणि त्यावर टॅक्स नाही म्हणाली. दोघी एकाच घरात राहतात म्हणून. मग मीपण आजींजवळच राहते. माझाही पगार माफ झाला ना?

मी : ती खरं सांगते, पण ते तिथलं. कॅलिफोर्नियात आयएचएसएस नावाची योजना आहे. म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाला वृद्धाश्रमात न ठेवता घरीच सांभाळता यावं म्हणून, करणाऱ्याला तासावर पैसे देतात. करणारी मुलगी असो, सून असो, चालतं. २०१४ मध्ये तिथल्या कर खात्याने, इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिसने, एक नोटीस काढली : ज्याचं करायचं तो आणि करणारा एका घरात राहत असतील तर अशा योजनेतल्या पैशावर आयकर नाही. मुळात ते कलम दुसऱ्यांची मुलं घरी सांभाळणाऱ्यांसाठी होतं, त्यात यांनाही धरलं. त्यासाठी एसओसी २२९८ नावाचा फॉर्म भरून, आम्ही एकत्र राहतो असं स्वतः लिहून द्यायचं असतं.

मावशी : मग माझं काय वेगळं?

मी : एक तर आपल्या कायद्यात असं कलमच नाही. दुसरं, तिथंसुद्धा ते घर करणाऱ्याचं स्वतःचं घर असावं लागतं. तुझं घर हे आहे. तिथं तू ड्युटीला राहतेस. तुझा पगार करपात्र आहे, मावशी. कर लागत नाही तो रक्कम मर्यादेच्या आत आहे म्हणून. पगार माफ असणं आणि मर्यादेत बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मावशी : हातात तर तेवढेच येतात.

मी : आज तेवढेच येतात. उद्या पगार वाढला, दुसरं काही उत्पन्न आलं, की मर्यादेतलं बाहेर जातं. माफ असलेलं माफच राहतं. तुझ्याकडे दोन्ही प्रकारचे पैसे आहेत, म्हणून आधी ते वेगळे करू. पगार किती?

मावशी : बावीस हजार. आजींचा मुलगा पाच तारखेला फोनवरून पाठवतो. आणि जेवण तिथंच, झोपणं तिथंच. त्याचे पण पैसे धरतात का?

मी : मालकाने राहायला घर दिलं तर त्याची किंमत धरायचा नियम आहे. पण आजींच्या खाटेशेजारी टाकलेल्या गादीला मी घर म्हणणार नाही. ज्या गादीवरून रात्री दोनदा उठून माणसाची कूस बदलायची असते, ती कामाचीच जागा. मी ते धरत नाही. वर्षाचे २,६४,००० झाले. पगारदाराला नव्या करपद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, काही पावती न दाखवता. उरले १,८९,०००.

मावशी : बरं. आणि धरणाचे बारा लाख?

मी : ते पूर्ण माफ.

मावशी : कशावरून? बँकेतला बाबा म्हणाला, एवढी मोठी रक्कम आली तर नोटीस येते.

मी निवाड्याची झेरॉक्स तिच्यापुढे उलगडली. मामाही जवळ येऊन बसला. या भागात हा कागद घरोघरी आहे, आणि त्यावरच्या पहिल्या चार ओळी क्वचितच कुणी वाचतो.

मी : जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली ते इथं लिहिलेलं असतं. २०१३ चा भूसंपादन कायदा असेल तर त्याचं कलम ९६ सांगतं, या मोबदल्यावर आयकर नाही. आयकर कायद्यात तशी ओळ नव्हती म्हणून लोकांना नोटिसा यायच्या. मग ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून ते मान्य केलं. पण जुनी संपादनं १८९४ च्या कायद्याखाली झाली, आणि हे धरण एमआयडीसीचं. एमआयडीसीचा स्वतःचा १९६१ चा कायदा आहे. तिथं कलम ९६ दाखवून भागत नाही.

मामा : मग आमचं गेलं म्हणायचं?

मी : नाही मामा. तिथं जमीन कुठं होती ते बघायचं. गावाकडची शेतजमीन आयकराच्या हिशेबात भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे तिच्या पैशावर भांडवली नफ्याचा कर बसत नाही. गावाकडची म्हणजे काय, तर लाख ते दहा लाख वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या बाहेर. बदलापूर त्या वस्तीत बसतं. आपली जमीन मुरबाडच्या अंगाला, त्या अंतराच्या पलीकडे. आणि शहराजवळची शेती सक्तीने घेतली असेल, तिथं आधीची दोन वर्षं मालक स्वतः किंवा त्याचे आईवडील कसत असतील, तर कलम १०(३७) वाचवतं. म्हणून सातबाऱ्यावरचा पीकपाहणीचा रकाना जपून ठेवायचा. भात लावल्याचा तोच पुरावा.

मामाने उठून आतून स्वतःची फाइल आणली. पिकाच्या रकान्यात दरवर्षी भात आणि वरी. त्या शेतावर आता पाणी आहे. २०१९ पासून वाढलेल्या उंचीपर्यंत पाणी साठतं, आणि त्याच पाण्यावर खाली उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे नळ चालतात. मावशी ज्या फ्लॅटमध्ये आजींना अंघोळ घालते तिथल्या नळालाही शेवटी उल्हास खोऱ्यातलंच पाणी.

मावशी : एवढं माफ आहे तर लिहायचं कशाला? न सांगितलेलं बरं.

मी : इथंच सगळे चुकतात. बारा लाख तुझ्या खात्यावर दिसतात, त्यावरचं व्याज बँक पॅनवर टाकते, कर खात्याला ते सगळं वार्षिक माहिती पत्रकात दिसतं. आणि तुझ्याकडून मात्र एक ओळ नाही. उद्या कुणी विचारलं, बावीस हजारांच्या ड्युटीवर बारा लाखांची ठेव कुठून, तर? रिटर्नमध्ये माफ उत्पन्नाचा तक्ता असतो, शेड्यूल ईआय. त्यात इतर माफ उत्पन्न म्हणून रक्कम टाकायची आणि पुढे लिहायचं, शेतजमिनीचा संपादन मोबदला. बेरजेत ती येत नाही. पण ज्या वर्षी पैसे आले त्याच वर्षी तू स्वतः ते सांगितलेले असतात. आणि गावात ज्यांना मोठी रक्कम आली त्यांना सांग, बचत खात्यात वर्षभरात ५० लाख किंवा जास्त जमा झाले तर उत्पन्न शून्य असलं तरी रिटर्न सक्तीचं आहे.

मावशी : तुझ्या मामाच्या खात्यावर सगळे आले असते आणि त्याने मला दिले असते, तर?

मी : भावाने बहिणीला दिलेल्या पैशावर कर नाही, कितीही असो. पण मग ती भेट झाली, मोबदला नाही. हक्कसोडपत्रावर सही न करता तुम्ही बहिणींनी नाव लावून घेतलंत, ते फार बरं केलंत. कागदावर तू वारस आहेस.

मामा काही बोलला नाही, पण हसला. नाव लावायला तलाठ्याकडे तोच गेला होता.

मी : आता यातलं जे माफ नाही ते ऐक. बारा लाख तू मुदत ठेवीत टाकलेस, ७ टक्क्यांनी ८४,००० व्याज. ते करपात्र आहे.

मावशी : माफ पैशाचं व्याज माफ नाही?

मी : नाही. जमिनीचे पैसे माफ, त्यांनी बँकेत मिळवलेलं व्याज नवीन उत्पन्न. आणि निवाड्यात मोबदला उशिरा दिल्याचं व्याज वेगळ्या ओळीत असेल, तर कर खातं त्यातला अर्धा भाग करपात्र धरतं. तुझ्या कागदावर तशी ओळ नाही. बचत खात्याचं व्याज ५०० धर. म्हणजे १,८९,००० आणि ८४,५००, एकूण २,७३,५००. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षासाठी नव्या पद्धतीत ३ लाखांपर्यंत कर नाही. तुझा कर शून्य.

मावशी : मग बँकेने ८,४०० का कापले?

मी : व्याज ४०,००० च्या वर गेलं की बँकेने १० टक्के कापायचे, असा तेव्हा नियम होता. बँकेला तुझं बाकीचं उत्पन्न ठाऊक नसतं. रिटर्न भरलं की ते परत मिळतात. यंदा मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर केली आहे, हातात दोन आठवडे आहेत.

मावशी : आणि भाताचे? मामाने खर्च वजा जाता अठरा हजार दिले, शिवाय वर्षाचे तांदूळ.

मी : उरलेल्या जमिनीत तुझं नाव आहे, ते शेतीचं उत्पन्न. माफ. पण ५,००० च्या वर गेलं की साधा 'सहज' फॉर्म, म्हणजे आयटीआर-१, चालत नाही, तुला आयटीआर-२ लागेल. आणि शेतीच्या पैशात एक मेख आहे. धरणाचं बघ. पाणी ७२.६० मीटरला गेलं की दरवाजे आपोआप उघडतात. धरणात गाळ साचला तर गाळ काही नळाने कुणाच्या घरी जात नाही, पण तळाशी बसून वरचं पाणी उंच करतो. शेतीचं उत्पन्न तसं आहे. त्याच्यावर कर नाही, पण बाकीचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं, की कराचा दर ठरवताना शेतीचा आकडा खाली धरतात आणि वरचं उत्पन्न जास्त दराच्या टप्प्यात जाऊ शकतं. तुझं बाकीचं मर्यादेच्या आत आहे, म्हणून यंदा काही फरक नाही. तरी लिहायचं.

मावशीने वहीचं मागचं पान काढलं आणि बराच वेळ पेन हातात धरून बसली.

मावशी : लाडकी बहीणचे दीड हजार येतात मला. रिटर्न भरलं तर बंद होतील?

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. ऑफिसात रोज कुणीतरी तो दबक्या आवाजात विचारतं.

मी : त्या योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट अडीच लाखांची आहे. तुझा नुसता पगार २,६४,००० आहे. रिटर्न न भरल्याने तो कमी होत नाही, मावशी. ते पैसे रिटर्नमुळे जात नाहीत, तुला ते लागूच नव्हते.

मावशी : फॉर्ममध्ये आधीच्या वर्षाचा पगार सांगितला, तेव्हा मी अठरा हजारावर होते. ड्युटी बदलली तेव्हा पगार वाढला.

मी : तेव्हा तू बसत होतीस, आता नाही. अर्ज मागे घेता येतो. मी लिहून देते.

मावशी : दे. दुसऱ्या कुणाला तरी लागतील.

तिने ते इतकं सरळ म्हटलं की मलाच पुढचं बोलणं सुचेना. ज्या बाईला दिवाळीत चार दिवस घरी यायला मिळत नाही, जिच्या कामाची नोंद या वहीपलीकडे कुठंही नाही, तिने. वीस वर्षं मावशी घरोघरी माणसं सांभाळते आहे आणि ती कमावते हे सांगणारा एकही सरकारी कागद तिच्याकडे नाही. गेल्या वर्षी वांगणीला एक खोली बघितली होती, तर कर्जासाठी बँकेने उत्पन्नाचा पुरावा मागितला आणि बोलणं तिथंच थांबलं. रिटर्नमध्ये तिचा पगार 'पगार' या नावाखाली जाईल, आजींच्या मुलाचं नाव मालक म्हणून. फॉर्म १६ नाही, पण दर पाच तारखेला आलेले पैसे पासबुकात आहेत आणि या वहीत आहेत. तेवढं पुरेसं आहे.

मोबाइलवर भरायला घेतलं. पगार, व्याज, मग शेड्यूल ईआय. शेतीचे १८,०००, खाली मोबदल्याचे १२,००,०००. करपात्र बेरीज २,७३,५०० वरच थांबली. मावशी दोनदा वाकून बघून गेली, बारा लाख त्यात मिसळले तर नाहीत ना. परतावा ८,४००. सगळं झालं आणि आधारचा ओटीपी येईना. आधारला मामाचा जुना नंबर जोडलेला, आणि ते सिम मामाच्या मुलाकडे, तो मुरबाडला.

मावशी : आता?

मी : पडताळणीला ३० दिवस असतात. पण आत्ताच फोन लाव त्याला.

तिने फोन लावला. ओटीपीचे आकडे तो एकेक करून सांगत होता आणि ती साखरेच्या रकान्याखाली लिहून घेत होती. पडताळणी झाली.

मावशी : पुढच्या वर्षी परत कापतील का हे?

मी : बँकेत १५-जी फॉर्म दे, आताच, उरलेल्या वर्षासाठी. माझा कर शून्य आहे, कापू नका, असं लिहून द्यायचं. पुढे दर एप्रिलला. एप्रिल २०२५ पासून मर्यादाही ४ लाखांची झाली आहे. आणि एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी नवा येतोय, कलमांचे आकडे बदलतील. तेव्हा मला विचार, नुसत्या जुन्या आकड्यांवर जाऊ नकोस.

पाचची एसटी होती. आजींचं रात्रीचं इन्सुलिन साडेसातला, आणि बदलीच्या बाईला सुई टोचायला भीती वाटते. मावशीने कागद पिशवीत भरले, निवाडा वहीच्या पानांत घातला म्हणजे दुमडणार नाही. मग थांबून वही पुन्हा उघडली आणि उद्याच्या पानावर, सकाळच्या साखरेच्या आणि नाश्त्याच्या मध्ये, लिहिलं : बँक, १५-जी.