लोकव्युत्पत्ती आणि इंग्रजी शब्दांची घडण

अपरिचित शब्द भाषेत आला की बोलणारे परिचित शब्दांच्या आधाराने त्याला ओळखीचे रूप देतात. या प्रक्रियेस लोकव्युत्पत्ती म्हणतात. भारतीय भाषांतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांत तिची बोलकी उदाहरणे आढळतात.

‘मॉंगूस’ या इंग्रजी शब्दाचे मूळ कोशकार मराठी ‘मुंगूस’मध्ये दाखवितात. त्याचा उत्तरार्ध हंसकुलातील पक्ष्याच्या ‘गूस’ या नावाशी जुळला. ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’ होते. त्या धर्तीवर ‘मॉंगीस’ असेही कधी कधी म्हटले जाते. शिष्टसंमत रूप मात्र ‘मॉंगूसेस’ हेच होय.

‘टीपॉय’मध्ये रूपाबरोबर अर्थही पालटला. ‘तीन’ आणि पाय या अर्थाचा फार्सी शब्द यांतून हिंदी ‘तिपाई’ सिद्ध होते. इंग्रजांना तिच्या पहिल्या अवयवात ‘टी’ म्हणजे चहा ऐकू आला. परिणामी चहाचे मेज आणि एकोणिसाव्या शतकातील चहाची उभी पेटी या दोहोंना ते नाव मिळाले. हाच शब्द ‘टीपॉय’ म्हणून मराठीत परतला. आता त्याला चार पाय असले तरी कोणास खटकत नाही.

मोहरममधील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचे ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. यूल व बर्नेल यांनी 1886 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशास हेच नाव दिले.

लोकव्युत्पत्ती शब्दाचे मूळ सांगत नाही. परंतु तिने घडविलेले रूप व अर्थ हा शब्दाच्या इतिहासाचाच भाग असतो. म्हणून शब्द कोठून आला आणि भाषकांनी त्याचे काय केले, हे दोन प्रश्न अभ्यासकाने वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर केवळ ध्वनिसाम्यावरून देता येत नाही. ‘बदनाम’मधील फार्सी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांत उच्चार व अर्थ दोन्ही जुळतात. तरीही त्यांचा संबंध नाही. उलट संस्कृत ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ कानाला सर्वस्वी भिन्न वाटतात. नियमित ध्वनिपरिवर्तनांचा माग काढल्यास मात्र दोन्ही एकाच इंडो-युरोपीय मूळ शब्दापाशी पोहोचतात. इंग्रजी शब्द संस्कृतोद्भव ठरविण्याचा मोह होतो, तेव्हा या दोन जोड्या ध्यानात ठेवणे हितावह ठरेल.