तान्ह्या बाळाचा आगगाडीचा प्रवास

बाळंतपणाला माहेरी आलेली लेक काही महिन्यांनी सासरी निघते. पलटणीतल्या जवानाची बायको लेकराला घेऊन नवऱ्याच्या ठाण्यावर जाते. शहरात कामाला असलेला माणूस सणावाराला बायकामुलांसह गावी येतो. या सगळ्यांना आगगाडीचा लांबचा प्रवास करावा लागतो.

महाराष्ट्र एक्सप्रेसचेच पाहा. ही गाडी कोल्हापूरहून निघते. मिरज, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर अशी ठेसने घेत ती गोंदियाला पोचते. अंतर सुमारे १३०० किलोमीटर. वाटेत एक अख्खी रात्र आणि दुसरा दिवस जातो. मोठ्या माणसाचे अंग एवढ्या प्रवासाने आंबून जाते. मग तान्ह्या बाळाचे काय?

म्हणून आज आपण हा धडा घेतला आहे. त्यातली मुख्य गोष्ट आम्ही आधीच सांगून टाकतो. बाळाला तिकीट लागत नाही, म्हणून त्याला जागाही मिळत नाही. ती जागा आपण करायची असते. ती गाडीत बसल्यावर करता येत नाही, घरून निघण्याआधीच करावी लागते.

१. तिकीट आणि जागा

पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट नाही. पण त्याला वेगळा बर्थ, म्हणजे झोपायची फळी, मिळत नाही. वेगळा बर्थ पाहिजे असेल तर मोठ्या माणसाचे पूर्ण भाडे भरावे लागते. पाच वर्षे पूर्ण झालेल्या आणि बारा वर्षांखालच्या मुलाचे तसे नाही. बर्थ नको असेल तर अर्धे भाडे, बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे. हा नियम एप्रिल २०१६ पासून आहे.

जागा राखून ठेवण्याला आरक्षण म्हणतात. गाडी सुटण्याच्या ६० दिवस आधी आरक्षण सुरू होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. तेव्हा जायचे ठरले की लगेच तिकीट काढावे. वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरच्या डब्यात बसता येत नाही. तान्हे मूल घेऊन दाराशी उभे राहून रात्र काढायची, हा विचारच मनात आणू नये.

आरक्षणाचा फॉर्म भरताना दोन गोष्टी विसरू नका. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी फॉर्मवर वेगळी जागा असते. तिथे बाळाचे नाव आणि वय लिहा. दुसरे म्हणजे खालचा बर्थ मागा. ४५ वर्षे आणि त्याहून मोठ्या बायका, तसेच गरोदर बायका यांना खालचा बर्थ देण्याची तरतूद आहे. लांबच्या गाड्यांत स्लीपर वर्गात सहा बर्थ बायकांसाठी राखून ठेवतात. बाई एकटी असो की बायका-बायका मिळून जात असोत, त्यांना ते मागता येतात. खिडकीवरच्या बाबूला हे विचारायला लाजू नका.

२. आपला बर्थ ओळखा

तिकिटावरची अक्षरे इंग्रजी असतात. ती येत नसली तरी घाबरू नका. इंग्रजी अंक ओळखता आले की काम भागते. दोन आकडे पाहायचे. एक डब्याचा, दुसरा बर्थचा.

स्लीपरच्या डब्यात आठ-आठ बर्थचा एकेक कप्पा असतो. १ आणि ४ खालचे. २ आणि ५ मधले. ३ आणि ६ वरचे. ७ हा वाटेकडेचा खालचा आणि ८ हा वाटेकडेचा वरचा. पुढच्या कप्प्यात पुन्हा तोच क्रम.

आता एक सोपे गणित. आपल्या बर्थच्या आकड्याला ८ ने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर बर्थ खालचा. समजा आकडा २५ आहे. आठ त्रिक चोवीस. बाकी उरली १. म्हणजे बर्थ खालचा. आकडा ३० असेल तर बाकी ६ उरते. म्हणजे बर्थ अगदी वरचा. तान्हे घेऊन तिथे चढायचे नाही.

मग काय करायचे? शेजाऱ्याला नीट बोलून विचारायचे. "दादा, कडेला तान्हं लेकरू आहे. तुम्ही वरच्या बर्थवर जाल का?" असे म्हटले की दहांतले नऊ जण उठतात. जो उठत नाही त्याच्याशी भांडू नये. त्याचीही काही अडचण असेल. तिकीट तपासणारे साहेब आले की त्यांना सांगावे.

वाटेकडेचा खालचा बर्थ बाळाला फारसा बरा नाही. तो दोन बाकड्यांचा मिळून होतो. मधे फट राहते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्काही लागतो.

३. निघण्यापूर्वी

सामान थोडे घ्या. एका हाताने उचलेल एवढेच. बाळाची पिशवी मात्र वेगळी करा. तिच्यात झबली, लंगोट, कुंची, दोन दुपटी, वाटी-चमचा, साबण, जुन्या धोतराचे धुतलेले तुकडे आणि ओले कपडे ठेवायला एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. ही पिशवी बाकाखाली ढकलायची नाही. उशाशी ठेवायची.

बाळाला ताप असेल, जुलाब होत असतील, तर प्रवास पुढे ढकला. आत्याबाई रागावतील, मुहूर्त टळेल. टळू द्या. मुहूर्त पुन्हा काढता येतो.

४. गाडीत चढताना

लहान ठेसनावर गाडी दोनच मिनिटे थांबते. म्हणून अर्धा तास आधी पोचा. आपला डबा फलाटावर कुठे येतो ते विचारून तिथेच उभे राहा. गाडी पुरती थांबल्यावर आधी एका माणसाने वर चढावे. मग बाळ त्याच्या हाती द्यावे. मग आईने चढावे. सामान सर्वांत शेवटी. आमच्या लोकांचे नेमके उलटे होते. आधी गाठोडी चढतात आणि आई मागे राहते.

गाडी हलली असेल तर चढू नका, उतरू नका. गाडी दुसरी मिळेल. आई खाली आणि बाळ वर असे झाले तर डब्यातल्या माणसाने साखळी ओढावी. उगाच साखळी ओढणे हा गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याने त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण असे खरे कारण असेल तेव्हा भिऊ नये. साखळी त्यासाठीच आहे.

५. बाळाचे दूध

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईचेच दूध पाजावे. दुसरे काही नको. वरचे पाणीसुद्धा नको. आईच्या दुधात पाणी असतेच. उन्हाळ्यातही तेवढे पुरते, फक्त पाजण्याच्या वेळा वाढवाव्या. आईचे दूध उकळावे लागत नाही, नासत नाही, भांडे लागत नाही. प्रवासात याच्यासारखे दुसरे अन्न नाही.

पण आईने स्वतः खाल्ले-प्यायले पाहिजे. डब्यात लोक आहेत, संडासला जावे लागेल, म्हणून पुष्कळ बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. हे चूक आहे. पाणी प्या. पाजताना पदर आहे, दुपटे आहे. बरोबरच्या पुरुषाने वाटेकडे पाठ करून आडोशाला बसावे. त्यात त्याचा कमीपणा नाही.

वरचे दूध चालू असेल तर बाटली नको. बाटलीचे बूच गाडीत नीट धुता येत नाही. त्या घाणीतून जुलाब होतात. वाटी-चमचा बरा. फलाटावरचे सुटे दूध बाळाला देऊ नका. डॉक्टरांनी पावडरचे दूध सांगितले असेल तर उकळलेले गरम पाणी थर्मासमध्ये न्या. एका वेळेपुरतेच दूध कालवा. अंगाइतके कोमट झाले की पाजा. उरलेले टाकून द्या.

६. रात्रीची झोप

पूर्वी दुसऱ्या वर्गाच्या फळ्या नुसत्या लाकडाच्या होत्या. १९७७ ते १९७९ या काळात राजापूरचे खासदार प्राध्यापक मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. त्यांनी त्या फळ्यांवर गादी बसवायला सुरुवात केली. गरिबाच्या पाठीला आराम मिळाला. पण फळीची रुंदी वाढली नाही. ती दोन फुटांच्या आसपासच आहे. तेवढ्यात आई आणि बाळ दोघांनी निजायचे.

म्हणून बाळ नेहमी भिंतीच्या बाजूला ठेवा. आईने कडेला निजावे. बाळाचे डोके वाटेकडे करू नका. चहावाला किटली घेऊन जातो, सामानाचा धक्का लागतो. गरम चहा बाळाच्या डोक्यावरून कधी घेऊ नये. बाळाला उताणे निजवावे. त्याच्या तोंडाशी उशी, गोधडी, पदर येऊ देऊ नये. श्वास कोंडतो.

मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघडतात. तो उघडताना साखळी नीट अडकली की नाही ते पाहा. खिडकीचे दार वरून धाडकन पडते. बाळाची बोटे तिथे जाऊ देऊ नका.

काही जण दोन बर्थच्या मधे लुगड्याची झोळी बांधतात. गाडीच्या हिसक्यांनी गाठ सुटते. झोळीत निजवून आपण डोळे मिटू नयेत.

२०२२ साली लखनौ मेल या गाडीत वातानुकूलित डब्यातल्या दोन बर्थना बाळासाठी छोटी फळी जोडून पाहिली होती. कल्पना चांगली. पण सगळ्या गाड्यांत ती सोय आलेली नाही. तोवर आईची कूस हाच बाळाचा बर्थ.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. पूर्वी काही ठिकाणी तान्ह्याला निजवायला अफू चाटवीत. आता काही जण खोकल्याचे औषध पाजतात. बाळ रडू नये, लोकांना त्रास होऊ नये, असा त्यांचा हेतू असतो. पण अशा झोपेतून बाळ कधी कधी उठत नाही. बाळ रडले तर रडू द्या. खांद्यावर घ्या, फेऱ्या मारा. डब्यातल्या लोकांना घरी पोरे आहेत.

७. बाळ आजारी पडले तर

जुलाब लागले तर अंगावर पाजणे थांबवू नका. जोडीला ओ.आर.एस.चे पाणी चमच्या-चमच्याने द्या. पुडी घरूनच बरोबर न्या. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलीलिटरसाठी. पुडीवरचा आकडा वाचा आणि स्वच्छ पाणी तेवढेच मोजून घ्या. पाणी कमी घातले तर अपाय होतो. केलेले पाणी २४ तासांनंतर वापरू नये. वाचायला आल्याचा उपयोग तो हा!

बाळाची टाळू खोल गेली, डोळे ओढले, सहा तास लघवी झाली नाही, बाळ दूध ओढेना, तर वेळ घालवू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तरीही तसेच. तिकीट तपासणाऱ्याला सांगा किंवा १३९ या नंबरावर फोन करा. आपली गाडी, डबा आणि बर्थ सांगा. पुढच्या मोठ्या ठेसनावर डॉक्टर बोलावतात. बाई एकटी असेल आणि कुणाचा त्रास होत असेल, तरीही हाच नंबर. एकट्या बायकांसाठी रेल्वे सुरक्षा दलाने २०२० साली 'मेरी सहेली' हे काम सुरू केले आहे. त्या दलाच्या बायका डब्यात येऊन विचारपूस करतात. त्यांना मोकळेपणाने सांगा.

अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नका. बाळ त्याच्या हाती सोपवून खाली उतरू नका. गप्पा मारा, सुखदुःख बोला, पण बाळ आपल्यापाशी.

८. स्वच्छता

आता गाड्यांत नव्या तऱ्हेचे संडास आहेत. त्यांच्या टाकीत मैल्याचे पाणी होते. त्यात लंगोट, कापड, प्लॅस्टिक टाकले की ते तुंबतात आणि साऱ्या डब्याचे हाल होतात. घाण कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका. हात साबणाने धुवा आणि मगच बाळाला घ्या.

९. एक चिठ्ठी

तान्ह्या बाळाला आपले नाव सांगता येत नाही. गर्दीत ताटातूट झाली तर त्याच्यासाठी कागदाने बोलले पाहिजे. आज हा धडा संपल्यावर एक चिठ्ठी लिहा. बाळाचे नाव, आईचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि फोनचा नंबर. झबल्याला आतून छोटा खिसा शिवा आणि चिठ्ठी त्यात ठेवा. टाचणी लावू नका. ही चिठ्ठी दुसऱ्याकडून लिहून घ्यायची नाही. आईनेच लिहायची. अक्षर वाकडे आले तरी चालेल, वाचता आले म्हणजे झाले.

सांगा पाहू

१. बर्थचा आकडा ४४ आहे. तो खालचा, मधला की वरचा?
२. गाडीत चढताना आधी कोण, मग कोण, शेवटी काय?
३. चार महिन्यांच्या बाळाला प्रवासात पाणी पाजावे का? का नाही?
४. मदतीसाठी कोणत्या नंबरावर फोन कराल? काय काय सांगाल?